पुढचे ब्रेक घरी बदलताना: मोठी डिस्क, नवे होज पाइप आणि नळीत अडकलेली हवा

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे गोव्याला जाणारा रस्ता चोर्ला ओलांडला की एकसारखा उतरू लागतो. काही वर्षांपूर्वी त्या उतारावर, गाडीत घरची चार माणसे आणि मागे सामान असताना, माझ्या पायाखालचे ब्रेक पेडल आधी मऊ झाले आणि पुढच्या दोन वळणांत निम्म्याहून अधिक खाली जाऊ लागले. दुसरा गिअर, हँडब्रेक आणि रस्त्याकडेची एक रुंद जागा यांच्या आधाराने गाडी थांबली, आणि अर्ध्या तासाने तेच पेडल पुन्हा पूर्वीसारखे घट्ट लागले. तापल्यावर पेडल मऊ होणे आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होणे, हे ब्रेकच्या नळीतील द्रव उकळल्याचे लक्षण आहे. घरी येऊन बॉनेटखालच्या, ब्रेकच्या द्रवाच्या टाकीचे झाकण उघडले, तेव्हा आतला द्रव काळ्या चहाच्या रंगाचा झाला होता. तो पाच वर्षांत एकदाही बदललेला नव्हता, आणि सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर मात्र ‘ब्रेक तपासले’ असे लिहिलेले होते. त्यानंतर पुढचे ब्रेक मी स्वतः बदलले आणि नळ्यांतील हवाही स्वतःच काढली. सीमाभागात राहून आंबोली, तिलारी किंवा चोर्ल्याच्या घाटांत नेहमी गाडी नेणाऱ्यांसाठी ते काम येथे सविस्तर लिहीत आहे.

उतारावर ब्रेकवर किती भार येतो, हे एका साध्या हिशेबावरून कळते. माणसे आणि सामान धरून १२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली उतरली, तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी ८० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवायला जवळपास ३ लाख ज्यूल पुरतात. म्हणजे इंजिनाचा आणि हवेचा रोध सोडून दिला, तर एक घाट उतरणे हे ८० च्या वेगावरून लागोपाठ वीस वेळा गाडी थांबवण्याइतके काम आहे, आणि तेवढ्या उष्णतेत १८ ते १९ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत पोहोचते. ब्रेक लावला की वजन पुढे झुकते, त्यामुळे यातील मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्यांच्या, पदरी पडतो. म्हणूनच सुधारणा पुढच्या चाकांपासून करायची असते.

खर्च कोणत्या क्रमाने करावा

मोठी डिस्क हा सर्वांत आकर्षक भाग असला, तरी तो खरेदीच्या यादीत शेवटी यावा, असे माझे ठाम मत आहे. पहिला क्रमांक द्रवाचा, दुसरा पॅडचा (डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या घर्षणपट्ट्या), तिसरा होज पाइपचा (चाकापर्यंत द्रव नेणारी लवचीक नळी) आणि मग डिस्क-कॅलिपरचा (कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड). टायर झिजलेले किंवा कडक झालेले असतील, तर या सर्वांच्याही आधी टायर बदलावेत, कारण गाडी शेवटी रस्त्यावरच्या पकडीने थांबते आणि ब्रेक कितीही मोठे केले तरी ती पकड वाढत नाही.

आपल्याकडे या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात. नाव रूढ आहे म्हणून मीही येथे तेच वापरतो, पण ते तेल नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. बहुतेक गाड्यांतील ब्रेक ऑईल ग्लायकॉल वर्गातील असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तर ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, आणि डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. माझ्या गाडीत झाले ते एवढेच: पाच पावसाळ्यांचा ओलावा पोटात घेतलेला द्रव कॅलिपरपाशी उकळला, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचलाच नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. दर दोन वर्षांनी द्रव बदलावा, हा सर्वसाधारण नियम त्या भागात तरी कधीही चुकवू नये. ज्या गाडीला डॉट ३ सांगितलेले आहे, तिला सामान्यतः डॉट ४ चालते, तरी टाकीच्या झाकणावरील आणि पुस्तिकेतील सूचना आधी पाहावी. डॉट ५ हा मात्र सिलिकोनचा वेगळाच द्रव आहे आणि तो इतरांत मुळीच मिसळू नये. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टीअरिंगचे तेल चुकूनही या टाकीत गेले, तर आतील रबरी सील फुगतात आणि संपूर्ण यंत्रणा निकामी होते.

डिस्क निवडताना बाजारातील चमकदार, भोके पाडलेल्या डिस्क मी टाळतो, कारण सततच्या तापण्या-निवण्याने भोकांच्या कडेला बारीक तडे जाण्याचा धोका असतो आणि रोजच्या गाडीला त्या भोकांचा फारसा लाभही नाही. ब्रेक डिस्क बिडाची असते. बेळगावच्या फाउंड्र्यांत काम केलेल्या कोणालाही विचारावे, बीड उष्णता चांगली धरून ठेवते, पण एका जागी अचानक तापले-निवले की तडकते. सुरक्षित मार्ग असा, की आपल्याच मॉडेलच्या अधिक ताकदीच्या किंवा जड प्रकाराला कंपनीने मोठी डिस्क दिलेली असेल, तर तिची डिस्क, कॅलिपर, तो धरून ठेवणारे ब्रॅकेट आणि पॅड असा पूर्ण संच घ्यावा. उदाहरणार्थ, २४० मिलिमीटरच्या डिस्कऐवजी २६० मिलिमीटरची डिस्क बसवली, तर पॅड जिथे दाबतो ती त्रिज्या साधारण १० मिलिमीटरने बाहेर सरकते आणि त्याच पायाच्या जोरावर रोध सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. शिवाय डिस्कचे वजन वाढल्याने तेवढ्याच उष्णतेत ती कमी तापते, आणि घाटात खरा उपयोग या दुसऱ्या गुणाचा होतो. याहून फार मोठी उडी घेऊ नये. पुढचा रोध अति वाढला, तर मागच्या ब्रेकशी असलेला समतोल बिघडतो, आणि कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन मोठा असेल तर मास्टर सिलिंडरला (पेडलच्या जोराने नळ्यांत द्रव ढकलणारा भाग) अधिक द्रव ढकलावा लागून पेडल खोल जाते.

जुन्या चाकाच्या रिममध्ये मोठा कॅलिपर मावतो का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. १३ इंची रिममध्ये तो बहुधा अडतो आणि १४ इंची चाके घ्यावी लागतात. कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, म्हणून त्याच उत्पादकाचे, त्याच मॉडेलमालिकेतील भाग वापरावेत आणि त्यांची बिले जपून ठेवावीत.

गाडी उचलण्यापूर्वी

हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करावे. जागा सपाट आणि कठीण हवी. शेणाने सारवलेले किंवा मुरूम टाकलेले अंगण चालणार नाही, कारण जॅक त्यात रुततो. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत आणि मग गाडी उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी जॅक स्टँड द्यावेत. बेळगाव, खानापूर आणि चंदगड भागात जांभ्याचा चिरा दारात पडलेला असतोच, आणि स्टँडऐवजी तो चेसिसखाली सरकवण्याचा मोह होतो. जांभा भिंतीत वर्षानुवर्षे भार पेलतो, पण एका बिंदूवर वजन आले की पूर्वसूचना न देता फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचेही तसेच आहे. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात किंवा पाय घालू नये, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो.

डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे आणि नाकावर मास्क असावा. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ती ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसावी. ब्रेक ऑईल रंग खाते, त्यामुळे पत्र्यावर थेंब सांडला तर तो लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

जुने काढणे, नवे बसवणे

आधी एकच बाजू खोलावी. दुसरी तशीच ठेवली, म्हणजे क्लिपा आणि पट्ट्या कशा होत्या हे पाहायला नमुना समोर राहतो. चाक काढल्यावर स्टीअरिंग बाहेरच्या बाजूला वळवले की कॅलिपरचे मागचे बोल्ट हाताशी येतात. होज पाइप न बदलता केवळ पॅड घालायचे असतील, तर काढलेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधावा, कारण होजवर लोंबकळू दिला तर त्याचे आतले रबर फाटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पिस्टन मागे ढकलतानाही निपलला (कॅलिपरवरचा, हवा आणि द्रव बाहेर सोडायचा लहान पोकळ स्क्रू) नळी लावून ती उघडावी आणि जुना द्रव बाहेर जाऊ द्यावा. तो उलटा वर ढकलला, तर गाळ एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या, यंत्रात जातो.

आपल्या भागातील गाडीची डिस्क सहसा सुखासुखी निघत नाही. तांबडी माती आणि पावसाचे पाणी हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला भाग) कडेला बसून ती जणू सांधलेली असते. अनेक डिस्कना यासाठीच आटे असलेली दोन भोके दिलेली असतात. त्यांत बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडे-थोडे आवळले, की डिस्क स्वतःच बाहेर येते. हातोडा मारायचाच असेल तर तो टाकून द्यायच्या जुन्या डिस्कवर, आणि बेअरिंगला धक्का बसणार नाही इतपतच मारावा. त्यानंतर हबचा चेहरा तारेच्या ब्रशने अगदी धातू दिसेपर्यंत घासावा. या पायरीला बरेच जण कंटाळतात, आणि मग नवी डिस्क गंजाच्या पापुद्र्यावर तिरपी बसते व काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टीअरिंग थरथरू लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे शेजारी आपल्याकडे पुष्कळ आहेत. कोणाकडून डायल गेज मिळाले, तर डिस्क चाकाच्या नटांनी आवळून तिचा डोल मोजावा. तो ०.०५ मिलिमीटरच्या आत असला तर उत्तम समजावे.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पूर्ण काढावा. रॉकेल वापरू नये, कारण त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि पॅड तो पिऊन टाकतो. ब्रॅकेट बसवून, कॅलिपर ज्यांवर मागे-पुढे सरकतो त्या स्लाइड पिनांना फक्त ब्रेकचे सिलिकोन ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने त्यांचे रबर फुगून पिन अडकते.

आता होज पाइप. जुने रबरी होज दाबाखाली किंचित फुगते आणि पायाच्या जोराचा काही भाग त्या फुगण्यात वाया जातो. स्टीलच्या तारांच्या वेष्टणाचे होज घेतले तर पेडल जास्त स्पष्ट लागते. होज सोडण्यापूर्वी ब्रेक पेडल साधारण एक इंच दाबून, सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवून ठेवावे आणि मग निपल उघडून दाब सोडावा. असे केल्याने मास्टर सिलिंडरचे भोक बंद राहते आणि टाकी रिकामी होत नाही. ब्रेकचे दिवे तोवर जळत राहतील, म्हणून बॅटरीची तार काढून ठेवावी. धातूच्या नळीचा नट साध्या पान्याने गोल होतो आणि एकदा गोल झाला की सगळी नळीच बदलावी लागते. त्यासाठी फ्लेअर नट पाना आणावा. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या, म्हणजे बँजो बोल्टच्या, जोडाला दोन्ही बाजूंना दर वेळी नव्या तांब्याच्या चकत्या घालाव्यात. होज बसल्यावर स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ते टायरला किंवा स्प्रिंगला कोठे घासत नाही ना, ते पाहावे आणि मगच काठी काढावी.

डावा आणि उजवा कॅलिपर एकमेकांच्या जागी सहज बसतात, पण तसे बसवले की निपल खालच्या बाजूला येते. हवा नेहमी वर चढते. निपल खाली असेल, तर हवेचा बुडबुडा कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात बसून राहतो आणि दिवसभर पेडल मारले तरी तो निघत नाही. हवा निघतच नाही म्हणून थकलेल्या माणसाने प्रथम निपल वर आहे का, एवढे पाहावे. सर्व बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आवळावेत.

हवा काढणे

या कामाला एक मदतनीस लागतो. कोण काय बोलणार, हे आधी ठरवून घ्यावे, कारण गाडीखालचा माणूस आणि पेडलवरचा माणूस एकमेकांना दिसत नाहीत. ‘दाब’, ‘धर’ आणि ‘सोड’ हे तीन शब्द पुरतात. शेजारचा कन्नड मुलगा मदतीला बसला असेल, तर ‘ओत्तु’, ‘हिडि’ आणि ‘बिडु’ म्हणावे. भाषा कोणतीही असो, प्रत्येक हाकेला वरच्या माणसाने तोच शब्द परत उच्चारावा, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही.

साहित्य थोडेच लागते. निपलला बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक स्वच्छ बाटली आणि ब्रेक ऑईलचा सीलबंद एक लिटरचा डबा एवढे पुरे. मागच्या वर्षी उघडलेला अर्धा डबा कपाटात असला, तरी तो वापरू नये. टाकीतील जुना काळा द्रव स्वच्छ सिरिंजने ओढून घ्यावा आणि ताजा भरावा. बाटलीत थोडा ताजा द्रव घेऊन नळीचे टोक त्यात बुडवावे, आणि नळी निपलपासून आधी वर नेऊन मग खाली वळवावी.

नवा कोरडा कॅलिपर असेल, तर पेडलला हात लावण्यापूर्वी निपल उघडून पाच-दहा मिनिटे द्रव स्वतःच्या वजनाने उतरू द्यावा. बरीचशी हवा अशीच निघून जाते. त्यानंतर क्रम असा: मदतनिसाने पेडल सावकाश दाबून धरावे, खालच्याने निपल पाव ते अर्धा फेरा उघडावी, पेडल खाली जाईल आणि नळीतून द्रव व बुडबुडे येतील, पेडल खाली असतानाच निपल बंद करावी, मगच ‘सोड’ म्हणावे. निपल उघडी असताना पाय उचलला गेला, तर बाहेरची हवा आट्यांमधून आत ओढली जाते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथे गंज साठलेला असतो आणि त्यावरून गेल्याने आतला सील कापला जातो. यासाठी पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा.

दर सात-आठ दाबांनंतर टाकी पाहावी आणि पातळी किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. टाकी रिकामी होऊन हवा एबीएसच्या यंत्रात शिरली, तर ती घरी निघेलच असे नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात नव्या कारना एबीएस सक्तीचे आहे, आणि त्यातील अनेक गाड्यांना अशा वेळी स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. कॅलिपरला हातोड्याच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकले की भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडेही सुटतात.

फक्त पुढचे होज सोडले असतील आणि टाकी रिकामी झालेली नसेल, तर पुढची दोन चाके पुरतात. उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत मास्टर सिलिंडर सहसा उजवीकडे असतो, म्हणून आधी डावे चाक आणि मग उजवे घ्यावे. पण एवढे खोलल्यावर मागचा जुना द्रव तसाच ठेवणे मला पटत नाही. चारही चाकांचा द्रव बदलताना सर्वसाधारण क्रम मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा असतो. तिरप्या जोडणीच्या (पुढचे एक चाक आणि मागचे विरुद्ध बाजूचे चाक एका नळीवर) काही गाड्यांत तो वेगळा असतो आणि तिथे पुस्तिकेचेच ऐकावे. नळीतून स्वच्छ, फिकट द्रव सलग आला आणि पुढचे आठ-दहा दाब एकही बुडबुडा दिसला नाही, म्हणजे ते चाक झाले. निपल बेताने आवळावी, कारण ती पोकळ असते आणि अति जोराने तुटते. तिची रबरी टोपी परत बसवावी. तीच टोपी आपल्या लाल चिखलापासून तिचे भोक वाचवते. काढलेला जुना द्रव गटारात ओतू नये. डब्यात बंद करून तो टाकाऊ ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला वेगळा असल्याचे सांगून द्यावा.

रस्त्यावर नेण्यापूर्वी

इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा दाबावे, मग जोराने दाबून एक मिनिट धरून ठेवावे. ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कोठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरून पाहावा. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर हवा अजून आत आहे आणि गाडी हलवू नये. पाय पेडलवर ठेवून इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जाते, ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचे काम असून त्यात दोष नाही. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळावेत. लहान गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. हे सर्व प्रथमच करणाऱ्याने या टप्प्यावर एखाद्या जाणत्या मेस्त्रीला जोड दाखवून घ्यावेत. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

पहिली चाचणी अंगणात किंवा गल्लीत, चालण्याच्या वेगाने घ्यावी. त्यानंतर पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घ्याव्या लागतात. ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवून डिस्क निवू द्यावी, आणि असे आठ-दहा वेळा करावे. शेवटी ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवावे. यासाठी महामार्ग निवडू नये, आणि चिकोडी, निपाणी, हुक्केरी भागात उसाच्या हंगामात तर संध्याकाळी मुळीच जाऊ नये, कारण दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुष्कळदा मागच्या दिव्यांशिवाय चालतात. सकाळी सहाच्या सुमारास एखादा सरळ, मोकळा रस्ता बरा.

शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि टाकीची पातळी पुन्हा पाहावी. हजार किलोमीटरनंतर चाक काढून आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजले आहेत का, हे तपासावे, कारण एकच झिजत असेल तर स्लाइड पिन अडकलेली आहे. मी टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून तिच्यावर द्रव बदलल्याचा महिना आणि वर्ष लिहून ठेवतो, आणि घाट उतरताना नव्या ब्रेकनिशीही गिअर दुसऱ्यावरच ठेवतो.